हातोडा, पास आणि आरागिरणी

आलापल्ली-बल्लारशाच्या पट्ट्यात तोडीला निघालेल्या सागावर कुऱ्हाड पडण्याआधी दोन खुणा पडतात. वनरक्षक बुंध्याची साल दोन जागी तासतो, एक छातीच्या उंचीवर आणि दुसरी अगदी जमिनीलगत. दोन्ही जागी झाडाचा क्रमांक घातला जातो आणि वन खात्याच्या हातोड्याचा ठसा उमटवला जातो. झाड पडले की वरची खूण लाकडाबरोबर जाते, खालची खुंटावर राहते. महिन्याभराने कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला मग नुसते खुंट वाचत जायचे असते. ज्यावर ठसा नाही, तो खुंट चोरीच्या तोडीचा.

पडलेल्या झाडाचे नग पाडतात. प्रत्येक नगाला क्रमांक मिळतो, त्याची लांबी आणि मधला घेर वहीत चढतो. घनफळ काढायची रीत जुनी आहे: घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. या हिशेबाने खरे घनफळ शंभर असेल, तर कागदावर साडेअठ्ठ्याहत्तर येते. उरलेले साडेएकवीस कडेच्या फळ्या, भुसा आणि कापणीतली तूट म्हणून खरेदीदाराला आधीच सोडलेले असते. मग वाहतूक परवाना फाडला जातो. सगळे त्याला टीपी किंवा नुसते पास म्हणतात. त्यावर नगांचा तपशील, गाडीचा क्रमांक, मार्ग आणि मुदत असते. तपासणी नाक्यावर हा कागद आणि गाडीतला माल ताडून पाहिला जातो. डेपोत लॉट लागतात आणि लिलाव होतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये गेलेला साग चंद्रपूर जिल्ह्यातून असाच निघाला. डेपोतून लाकूड आरागिरणीत गेले, तरी सरकारची नजर सुटत नाही. गिरणीला वन खात्याचा परवाना लागतो आणि आवक-जावकेची वही ठेवावी लागते.

झाडाजवळ हातोडा, रस्त्यावर पास आणि शेवटी गिरणीचा परवाना, या तीन ठिकाणी उद्योगाच्या लाकडावर सरकार हात ठेवते. त्याच्याही आधी एक कागद असतो, तो म्हणजे कार्य आयोजना. एखाद्या वन विभागात साधारण दहा वर्षांत कोणत्या कूपात, कोणत्या साली, किती झाडे तोडायची हे त्यात ठरलेले असते. जंगल वर्षाला जेवढे वाढते त्याहून जास्त कापायचे नाही, हा त्यामागचा हिशेब. व्याज खावे आणि मुद्दल राखावे, असाच तो आहे. पण व्याज कोणाला द्यायचे आणि कोणत्या भावाने, हा प्रश्न या हिशेबात बसत नाही. भारतातल्या वनकायद्याचा दीडशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरत आला आहे.

त्याची सुरुवात जहाजांपासून झाली. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी बांधलेली जहाजे मलबारच्या सागाची असत. १८१७ मध्ये मुंबईत बांधून झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर उभे आहे. या लाकडाचा पुरवठा पक्का राहावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची मलबारात वनसंरक्षक म्हणून नेमणूक केली. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी निलांबूरला सागाची लागवड सुरू केली. पुढे रेल्वे आली आणि स्लीपरसाठी साग, साल, देवदार यांची प्रचंड तोड झाली. १८६४ मध्ये वन खाते स्थापन झाले आणि जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिश ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८६५, १८७८ आणि १९२७ असे एकामागून एक कायदे आले. त्यांतला १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. राखीव वन, संरक्षित वन, वाहतुकीचा पास हे सगळे त्यातलेच. जंगल सरकारचे झाले. गावाच्या पिढीजात वापराला ‘हक्क’ऐवजी ‘सवलत’ हा शब्द आला आणि सवलत कधीही काढून घेता येते.

स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, पण दृष्टी फारशी बदलली नाही. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एक तृतीयांश भूमीवर जंगल असावे असे उद्दिष्ट ठेवले, आणि त्याच दमात गावांच्या गरजा राष्ट्रीय गरजांच्या आड येऊ नयेत असेही सांगितले. राष्ट्रीय गरजांत संरक्षण आणि दळणवळणाबरोबर उद्योगही आला. कागद, प्लायवूड, आगपेट्या, रेयॉन यांचे कारखाने उभे राहत होते आणि कारखाना आपल्या राज्यात यावा म्हणून राज्ये त्यांना लाकूड आणि बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी देत होती.

या करारांचे काय झाले ते पाहायला शेजारच्या कर्नाटकातले दांडेली पुरेसे आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या या गावी १९५० च्या दशकात मोठी कागद गिरणी उभी राहिली. तिला सरकारी जंगलातला बांबू मिळाला तो टनाला जेमतेम एक-दीड रुपया दराने. त्याच बांबूचा खुल्या बाजारातला भाव हजारांत होता. त्यावर पोट असलेल्या टोपल्या विणणाऱ्यांना बाजारभावच मोजावा लागत होता. काही वर्षांत बांबू दिसेनासा होऊ लागला. दोष गावकऱ्यांवर आला: ते कोंब खातात, गुरे सोडतात, चोरून तोडतात. टोपल्या विणणाऱ्यांनी सरकारकडे गाऱ्हाणे नेले आणि १९७० च्या दशकात कर्नाटक सरकारने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना तपास करायला सांगितले.

गाडगीळांनी रानात जाऊन बेटे मोजली आणि गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले. जंगलातला हा कळक काटेरी असतो. त्याच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. तोडणाऱ्याला आत हात घालणे अवघड, म्हणून हे काटे साफ करायची पद्धत होती. बेट मोकळे झाले की बांबू चांगला वाढतो, असेही खात्याचे म्हणणे होते. गावकरी म्हणत होते की हे काटेच कोंबांची राखण करतात. मोजणीत गावकरी खरे ठरले. काटे काढलेल्या बेटांतले कोवळे कोंब गुरांनी, वानरांनी आणि साळिंदरांनी खाऊन टाकले होते. नवा बांबूच तयार होत नव्हता. जंगलात किती बांबू आहे याचा सरकारी अंदाजही वस्तुस्थितीपेक्षा फुगलेला निघाला, आणि त्याच फुगलेल्या अंदाजावर गिरणीचा कोटा ठरला होता. म्हणजे कार्य आयोजना होती, परवाने होते, शिक्के होते. चूक होती ती मोजणीत आणि भावात. दीड रुपयाने मिळणारी वस्तू जपून वापरायचे कोणत्याच कारखान्याला कारण नसते. जवळचा बांबू संपला की अशा गिरण्या लांबच्या रानांकडे वळत, तेही संपले की आणखी लांब.

गढवालमध्ये हाच अन्याय आणखी उघडा पडला. चमोली जिल्ह्यात चंडीप्रसाद भट्ट यांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने शेतीची अवजारे करायला ‘अंगू’ जातीची थोडी झाडे मागितली. वन खात्याने नकार दिला. थोड्याच दिवसांत तीच झाडे अलाहाबादच्या एका क्रीडासाहित्याच्या कंपनीला दिल्याचे कळले. १९७३ मध्ये मंडल गावी लोकांनी झाडांना मिठी मारायचे ठरवले आणि चिपको उभे राहिले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये रेणी गावात गौरा देवी आणि गावातल्या बायकांनी तोड रोखली. चिपकोला पर्यावरणाचे आंदोलन म्हटले जाते आणि ते तसे आहेच. पण त्याची ठिणगी पडली ती लाकूड कोणाला मिळावे या प्रश्नावरून, नांगरासाठी की खेळाच्या साहित्यासाठी. आंदोलनानंतर उत्तर प्रदेशच्या त्या वेळच्या पहाडी भागात हजार मीटरच्या वर हिरवी झाडे तोडण्यास बंदी आली.

याच काळात सरकारची पावले दोन दिशांना पडत होती. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात सरकारी जंगलांतून औद्योगिक लाकडाचे उत्पादन वाढवावे आणि त्यासाठी वनविकास महामंडळे काढावीत अशी शिफारस केली. महाराष्ट्राचे महामंडळ १९७४ मध्येच स्थापन झाले होते. मिश्र जंगल साफ करायचे आणि त्या जागी सलग साग लावायचा, असे या महामंडळांचे काम. सागाला भाव येतो हे खरे. पण मोह, चारोळी, तेंदू, आवळा, बेहडा असलेल्या रानावर माणसे वर्षभर जगतात आणि सागाच्या लागवडीत त्यांना वेचायला फारसे काही उरत नाही, हेही तितकेच खरे. दुसरीकडे १९७६ च्याच ४२ व्या घटनादुरुस्तीने वने हा विषय राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत आला. ऑक्टोबर १९८० मध्ये अध्यादेश निघाला आणि त्यातून वन (संवर्धन) अधिनियम झाला. आता राखीव जंगल अनारक्षित करायला किंवा वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायला राज्यांना केंद्राची आधी परवानगी घ्यावी लागू लागली. १९८८ च्या दुरुस्तीने वनजमीन खासगी हातात भाडेपट्ट्याने देणेही याच अटीखाली आले. ओसाड वनजमीन आम्हाला द्या, आम्ही तिच्यावर आमचे लाकूड पिकवतो, ही कागद उद्योगाची मागणी त्यानंतर अनेकदा पुढे आली आहे.

१९८८ ची राष्ट्रीय वननीती हे या सगळ्या इतिहासातले खरे वळण. पर्यावरणाचा समतोल आणि जंगलावर जगणाऱ्यांच्या गरजा आधी, उत्पन्न त्यानंतर, असा क्रम तिने लावला. उद्योगांना सवलतीच्या दरात वनोपज देणे थांबवावे आणि कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून, त्यांना रोपे, कर्ज आणि सल्ला देऊन पिकवून घ्यावा, असे तिने स्पष्ट म्हटले. आज देशात जे लाकूड पिकते त्याचा नकाशा या नीतीने आखला. तिच्याकडे त्या मानाने फार कमी लक्ष जाते.

लक्ष जाते ते १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाकडे. निलांबूरच्या राजघराण्यातले टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी निलगिरीतल्या गुडलूर भागातली बेसुमार तोड थांबवावी म्हणून १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जिथे इंग्रजांनी साग लावायला सुरुवात केली, त्याच निलांबूरचा हा माणूस. न्यायालयाने एका डोंगराचा प्रश्न साऱ्या देशाचा केला. ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशात जो अर्थ तोच कायद्यातही धरायचा, मालकी कोणाचीही असो. केंद्राची परवानगी नसलेली वनेतर कामे तत्काळ थांबवायची. मंजूर कार्य आयोजनेबाहेर झाड तोडायचे नाही. अरुणाचलच्या तिराप आणि चांगलांग जिल्ह्यांतल्या आरागिरण्या आणि प्लायवूडचे कारखाने बंद करायला सांगितले गेले आणि ईशान्येच्या सात राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यावर सरसकट बंदी आली. रेल्वेने नाही, रस्त्याने नाही, नदीनेही नाही.

या एका आदेशाने देशाच्या लाकूडउद्योगाची जागा बदलली. तोवर प्लायवूडचा मोठा धंदा आसाम, अरुणाचल, नागालँडमध्ये होता. तो बसला आणि हरियाणातले यमुनानगर व केरळातले पेरुंबावूर वर आले. यमुनानगर शेतातल्या पॉप्लर-निलगिरीवर आणि पेरुंबावूर रबराच्या म्हाताऱ्या झाडांवर उभे राहिले. ईशान्येत मात्र लाकडावर पोट असलेल्या हजारो घरांची चूल एका दिवसात विझली. जंगल लुटणारे ठेकेदार आणि दोन झाडे विकून मुलांची फी भरणारा डोंगरी माणूस यांत आदेशाने फरक केला नाही. ही त्याची फार मोठी उणीव होती. जंगल वाचवायला असा कडक उपाय लागला, याचे कारण त्याआधीची दोन-तीन दशके राज्यांनी परवाने वाटताना आपल्या जंगलाचा हिशेब पाहिला नव्हता. पुढे न्यायालयाने केंद्रीय अधिकारप्राप्त समिती नेमली आणि २००२ मध्ये तिच्या संमतीशिवाय नवी आरागिरणी काढायला मनाई केली. २०१६ मध्ये केंद्राने लाकूडआधारित उद्योगांची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि राज्यस्तरीय समित्यांवर हे काम सोपवले. नव्या गिरणीला परवाना देण्याआधी आसपास कायदेशीर लाकूड किती मिळते ते पाहायचे, हा त्यातला मुख्य नियम. गिरण्यांची भूक रानाच्या आणि शेताच्या वाढीपेक्षा जास्त झाली, तर नाक्यावर कितीही माणसे ठेवली तरी चोरटी गाडी निघतेच.

१९८० चा कायदा २०२३ मध्ये पुन्हा बदलला. त्याचे नावही आता वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम असे झाले आहे. अधिसूचित किंवा सरकारी दप्तरात नोंदलेल्या जंगलापुरताच तो आखून घ्यावा असा या दुरुस्तीचा रोख होता. त्याला आव्हान मिळाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९६ चा व्यापक अर्थ तूर्त पाळत राहण्यास सांगितले. महाराष्ट्रात झुडपी जंगल, खासगी वने, देवराया असे ज्यांच्या नोंदी गुंतागुंतीच्या आहेत असे कितीतरी तुकडे आहेत. त्यांच्या दृष्टीने ‘वन’ म्हणजे काय हा वाद शब्दांपुरता राहत नाही.

तोड थांबली म्हणून मागणी थांबत नाही. तिने परदेशाचा रस्ता धरला. कांडला बंदरात न्यूझीलंडच्या पाइनचे ओंडके उतरू लागले, त्यांवर गांधीधामच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. साग म्यानमारमधून येत असे. त्या देशाने २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली तेव्हा व्यापारी आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेकडे वळले. आपले जंगल राखताना दुसऱ्याच्या जंगलावर भार पडतो, हे बंदीच्या हिशेबात धरायला हवे आणि ते क्वचितच धरले जाते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरणे बंद केले होते. दारे-खिडक्या पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या झाल्या. ते धातू गाळायला किती कोळसा जळतो याचा विचार होऊ लागला तेव्हा, २०२० मध्ये, ही बंदी उठली. आता नियमांचे वारे उलट दिशेनेही येते. जोधपूर-सहारनपूरच्या कारागिरांचे शिसव २०१७ पासून वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या नियंत्रणाखाली आले आणि छोट्या वस्तूंच्या निर्यातीलाही कागद लागू लागले. याच कराराच्या २०२२ च्या पनामा परिषदेत दहा किलोहून कमी वजनाच्या प्रत्येक वस्तूला दिलासा मिळाला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाने तर लाकूड ज्या जमिनीवर वाढले तिचे अक्षांश-रेखांश मागितले आहेत. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण तयारी निर्यातदारांना करावीच लागेल.

मग देशातले लाकूड येते कुठून? भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालात याचे उत्तर सापडते. सरकारी जंगलांतून वर्षाला सुमारे ३२ लाख घनमीटर इमारती लाकूड निघत होते. जंगलाबाहेरची झाडे, म्हणजे बांध, शेत, परसू, कालव्याची कड, वर्षाला सुमारे ४ कोटी २७ लाख घनमीटर देऊ शकत होती. तेरा पटींहून अधिक. २०२३ च्या अहवालात जंगलाबाहेरचा हा आकडा ९ कोटी घनमीटरांच्या पुढे गेला आहे. आपण दारे, पलंग, प्लायवूड, कागद वापरतो त्यामागे जंगलापेक्षा शेतकऱ्याचा बांध जास्त आहे.

हे सहज झाले नाही. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत गुजरात, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशच्या शेतकऱ्यांनी निलगिरी लावली. झाडे तयार झाली तेव्हा भाव कोसळला. एक कारण लागवडच अमाप झाली हे होते. दुसरे म्हणजे कारखान्यांना अजूनही सरकारी जंगलातून स्वस्त लाकूड मिळत होते, शेतकऱ्याचे कोण घेणार? सवलतीच्या पुरवठ्याने जंगलही गेले आणि शेतकऱ्याचा बाजारही मारला. १९८८ च्या नीतीनंतर आणि विशेषतः १९९६ नंतर कारखान्यांना शेताकडे यावेच लागले. आगपेट्यांच्या विम्को कंपनीने तर त्याआधीपासूनच उत्तरेत पॉप्लर पसरवायला सुरुवात केली होती. हिवाळ्यात त्याची पाने गळतात, त्यामुळे खाली गहू घेता येतो आणि पाच-सात वर्षांत झाड निघते. आंध्र-तेलंगणात भद्राचलमच्या कागद कारखान्याने निवडक निलगिरीची कलमी रोपे दिली आणि कृष्णा-गुंटूर जिल्ह्यांच्या पट्ट्यात सुबाभूळ व सुरू वाढले. भाव मात्र आजही कारखान्याच्या मर्जीवर हेलकावतो. सुबाभूळ कापून ठेवली की वाळत जाते, वजन घटते, आणि वजनावर पैसे मिळतात. शेतकऱ्याला थांबायला वेळ नसतो.

आणि याच शेतकऱ्याला जंगलाचेच नियम लागतात. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, मोह, खैर, चंदन, हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ अशी झाडे आहेत. बांधावर आजोबांनी लावलेला साग असला तरी तो तोडायला परवानगी लागते. यालाच गावात ‘मालकी प्रकरण’ म्हणतात. सातबारा, नकाशा, हद्दीची खात्री, वनरक्षकाची पाहणी, झाडांची यादी, मंजुरी, तोड, हातोडा आणि शेवटी पास. प्रत्येक पायरीला कारण आहे, कारण बांधाला लागून राखीव जंगल असेल तर तिथला साग शेतातला म्हणून सहज खपवता येतो. पण लग्न, आजारपण, कर्ज अशा निकडीला झाड विकू पाहणाऱ्याला या पायऱ्या एकट्याने चढवत नाहीत. तो झाडे उभीच ठेकेदाराला देतो आणि कागदपत्र ठेकेदार पाहतो. झाडाच्या बाजारभावातला मोठा वाटा तिथेच गळतो. आदिवासी खातेदारासाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. त्याला खासगी व्यापाऱ्याने फसवू नये म्हणून विक्रीत जिल्हाधिकारी आणि वन खाते मध्ये आणले गेले. हेतू रक्षणाचा, पण प्रत्यक्षात त्याचा रस्ता बिगर-आदिवासी शेजाऱ्यापेक्षा लांब झाला. निलगिरी, सुबाभूळ, सुरू अशा झाडांना अनेक राज्यांनी परवान्यातून मोकळे केले आणि लागवड त्यांचीच वाढली. ज्याच्यावर परवाना आहे ते देशी झाड लावायला शेतकरी धजत नाही. डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी ऑनलाइन पास आला आहे. त्यामुळे राज्याच्या सीमेवर दुसरा पास काढायची अडचण कमी व्हावी. मुक्त झाडांची यादी मात्र राज्यागणिक वेगळीच आहे.

बांबूचे कोडे सगळ्यांत विचित्र होते. वनस्पतिशास्त्रात तो गवत. १९२७ च्या कायद्यात तो झाड. झाड म्हणून तोडायला आणि न्यायला परवाना, आणि झाड म्हणूनच तो सरकारी इमारती मालाच्या रांगेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले आणि त्यावर गावाची मालकी मान्य केली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने एकमताने निर्णय घेण्याची रीत अनेक वर्षे जोपासली होती. पण हक्क मिळाला तरी पास देणारे वन खातेच होते आणि खाते पास देईना. बांबू आमचा, पण गावाबाहेर नेता येत नाही, अशी ती मालकी. गावाने मुद्दाम बांबू विकून हा पेच समोर आणला. २१ मार्च २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बांबूला गौण वनोपज मानावे असे सगळ्या मुख्यमंत्र्यांना लिहिले आणि २७ एप्रिलला ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्याला आले. वाहतूक परवान्याचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले.

२०१२ च्या नियमांनी असा पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आणला. जंगलाबाहेर लावलेल्या बांबूचे ‘झाड’पण नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने आणि पाठोपाठच्या दुरुस्तीने संपले. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आता आपला बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः निविदा काढून विकतात. ज्या बल्लारपूरला १९४५ मध्ये कागदाची कंपनी आली आणि ज्या रानांतून तिच्याकडे बांबू जात राहिला, त्याच मुलखातले हे लोक. पैसा आला तसे वादही आले: ठेकेदार रक्कम थकवतात, हिशेब ठेवायला शिकलेला माणूस गावात मिळत नाही, एका गावाची तोड दुसऱ्याच्या हद्दीत जाते. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या निस्तरायला ग्रामसभांना वन खात्याची तांत्रिक मदत हवीच.

बांबूच्या तोडीचे शास्त्र मात्र तेच राहते. पावसाळ्यात, कोंब फुटत असताना, बेटाला हात लावायचा नाही. कोवळे बांबू राखायचे, प्रत्येक बेटात ठरावीक संख्या उभी ठेवायची, जमिनीच्या थोडे वर पेराशी कापायचे, बुडखा उकरायचा नाही. एकदा तोडलेल्या भागाकडे तीन-चार वर्षांनीच परतायचे. हे नियम खात्याच्या पुस्तकात पूर्वीपासून होते. आता ग्रामसभेच्या बैठकीत ते ठरतात आणि ज्याच्या घरातला माणूस तोडीला जातो, तोच दुसऱ्या दिवशी बेटे मोजायलाही जातो.